चार नंबरचा प्रोसेसर आणि नऊशे नव्व्याण्णव दिवस

भाग शून्य

मोजणी शून्यापासून सुरू केली म्हणून दचकू नका. मी कॉम्प्युटरच्या खोलीत काम करतो. आमच्याकडे पहिल्याला शून्य म्हणतात, दुसऱ्याला एक, आणि पाचव्याला चार. या पद्धतीमुळे मी जन्मभर एका पावलाने मागे राहिलो असं बायकोचं मत आहे. मी तिला सांगतो, मागे राहत नाही, एक पाऊल आधी सुरू करतो.

तर आधी पराक्रम सांगतो, फरफट नंतर.

मी एका चालू मशीनमधून, ते बंद न करता, त्याचा एक प्रोसेसर काढून घेतला. भर दुपारी, चार साक्षीदारांदेखत. मशीनने हूं की चूं केलं नाही. ज्यांना यात विशेष वाटत नसेल त्यांनी चालत्या सायकलचं एक चाक काढून शेजारच्याला देऊन बघावं, आणि सायकलवाल्याला गाणं म्हणत राहायला सांगावं.

या गोष्टीचे पाच भाग आहेत, शून्य ते चार. त्यातला चार नंबरचा मागाहून जोडलेला आहे, कारण मेहुण्याचं म्हणणं पडलं की माझं बालपण आणि शिक्षण आल्याशिवाय वाचकाला माझी थोरवी कळणार नाही. बघू.

ऑफिसात मला ‘बंदचालू’ म्हणतात. तोंडावर नाही, तोंडावर ‘साहेब’ म्हणतात, पण ज्या सुरात म्हणतात त्यावरून पाठीमागचं ऐकू येतं. कारण एवढंच, की कुणाचंही मशीन अडलं आणि त्याने मला फोन केला की मी सांगायचो, ‘बंद करून चालू करा.’ दहातल्या नऊ वेळा एवढ्याने भागतं. डॉक्टर लोक दहातल्या नऊ जणांना एकच गोळी देतात, त्यांना कुणी ‘गोळी’ म्हणत नाही. एकदा आस्थापना विभागात नव्याने आलेल्या कारकुनाने तर हे माझं आडनाव समजून मला रीतसर पत्र पाठवलं. ‘श्री. बंदचालू यांस’. खाली जावक क्रमांक, वर शिक्का. मी ते स्वीकारून सही केली. काय करणार, टपाल परत गेलं असतं तर चौकशी लागली असती.

त्या पत्राच्या दिवशी मी मनाशी ठरवलं, एक मशीन असं ठेवायचं की जे मी कधीच बंद करणार नाही.


भाग एक

आमचं ऑफिस शहराच्या बसगाड्यांचं वेळापत्रक करतं. माझ्या खोलीत एक मोठं लोखंडी मशीन आहे, कपाटाएवढं. ते खरं. त्याच्या पोटात सात मशीनं राहतात. ती खोटी, म्हणजे ती फक्त प्रोग्रामच्या रूपात आहेत, हात लावायला काही नाही. पण प्रत्येकाला वाटतं की आपण एक आख्खं, स्वतंत्र मशीन आहोत. असा गोड गैरसमज करून घेऊन लोकही संसार करतात, तेव्हा मशीनला नावं ठेवायला नकोत. आमच्या धंद्यात बाहेरच्या मोठ्या मशीनला यजमान म्हणतात आणि पोटातल्यांना पाहुणे. हे शब्द मी शोधलेले नाहीत. ज्याने शोधले त्याच्या घरी पाहुणे फार येत असावेत.

यजमानाकडे जेवढे प्रोसेसर, म्हणजे जेवढे मेंदू, ते पाहुण्यांत वाटून दिलेले असतात. वेळापत्रकाच्या पाहुण्याला जन्मतः चार मिळाले होते: शून्य, एक, दोन आणि तीन. पावणेतीन वर्षांपूर्वी एका सकाळी मी त्याला सुरू केलं. दुपारी काम जास्त वाटलं म्हणून चौकशी विभागाच्या पाहुण्याकडचा एक प्रोसेसर उसना आणून यालाच दिला. तोच हा चार नंबरचा. चालू मशीनला प्रोसेसर देणं सोपं असतं. देताना कुणी कुरकुर करत नाही.

त्याच संध्याकाळी मी आणखी एक गोष्ट केली. भंगारात निघालेली एक आकड्यांची पाटी, जी पूर्वी चौकशीच्या खिडकीवर ‘पुढचा नंबर’ दाखवायची, ती मी पुसून घेतली आणि कॉम्प्युटर खोलीच्या बाहेर कॉरिडॉरमध्ये लावली. तीन आकडी होती. खिडकीवर एका दिवसात हजार माणसं कधी आलीच नव्हती. वर माझ्या हाताने रंगवलं: ‘वेळापत्रक मशीन अखंड चालू, दिवस’. खाली लाल आकडे. आणि ते आकडे मोजणारा एक छोटासा प्रोग्राम मी त्या मशीनमध्ये बसवून दिला. नाव ठेवलं ‘अखंड’.

कॉरिडॉरमधून जाणाऱ्या लोकांनी पाटीचा अर्थ कधी विचारला नाही. काही जण जुन्या सवयीने तिच्यापुढे थांबत. एक आजोबा हातात कागद घेऊन तासभर उभे होते. मी विचारलं तर म्हणाले, ‘माझा चारशे बारा आहे, अजून चारशे अकराच चाललंय.’ मी त्यांना म्हटलं, ‘उद्या या.’ ते दुसऱ्या दिवशी आले आणि समाधानाने गेले. आमच्या ऑफिसातून इतका समाधानी माणूस बाहेर पडताना मी दुसरा पाहिला नाही.

घरी मी रोज आकडा सांगायचो. ‘आज एकोणसाठ.’ दोन महिन्यांनी बायको म्हणाली, ‘अहो, घरात आकडा काढायचा नाही. भाजीत मीठ किती पडलं ते मोजायला देत नाही हा आकडा.’ तेव्हापासून मी मनात मोजत आलो.

आता मुद्द्यावर येतो. एका सोमवारी मॅडमनी बोलावलं. मॅडम म्हणजे आमच्या विभागप्रमुख. समोर टाय बसला होता. टाय हा देखभालीचं कंत्राट घेतलेल्या कंपनीचा माणूस. उन्हाळा असो की वीज गेलेली असो, टाय घालतो. तेवढ्यावरून त्याच्या सल्ल्याचं वजन ठरतं.

मॅडम म्हणाल्या, ‘पुढच्या सोमवारी नवे मार्ग सुरू होतायत. चौकशीवर फोनचा पाऊस पडणार. त्यांचा प्रोसेसर तुम्ही नेलाय म्हणे?’

‘उसना नेलाय,’ मी म्हणालो.

‘मग परत द्या.’

टाय हसला. ‘मॅडम, ते सोपं आहे. शनिवारी वेळापत्रकाचं मशीन बंद करू, एक प्रोसेसर कमी करू, परत चालू करू. दहा मिनिटं.’ मग माझ्याकडे वळून म्हणाला, ‘साहेबांच्या तर हातखंड्याचं काम.’

मॅडमनी खाली बघून ओठ दाबले. ओठ दाबलेले मला दिसले.

‘बंद नाही करायचं,’ माझ्या तोंडून निघून गेलं. ‘चालू असताना काढतो.’

‘होतं तसं?’

‘होतं,’ मी म्हणालो. होतं असं मी वाचलं होतं. केलं नव्हतं.

‘शुक्रवारी चार वाजेपर्यंत,’ मॅडम म्हणाल्या. ‘नाहीतर शनिवारी सकाळी हे बंद करतील.’

कॉरिडॉरमध्ये आलो. पाटीवर ९९५ होतं. बोटावर मोजलं. शुक्रवारी नऊशे नव्व्याण्णव. शनिवारी हजार. आणि त्याच शनिवारी सकाळी टाय ते बंद करणार. पावणेतीन वर्षं सांभाळलेलं मशीन, हजाराच्या उंबरठ्यावर, टायवाल्याच्या हातून. आणि सगळं ऑफिस म्हणणार, बघा, शेवटी बंदचालूच.


भाग दोन

प्रोसेसर हलवायचा तर अर्ज लागतो. अर्जाचा नमुना ठरलेला आहे; त्यावर दोनच चौकोन: ‘मशीन बंद करणे’ आणि ‘मशीन चालू करणे’. लोक मला नावं ठेवतात, पण ज्या माणसाने बावीस वर्षं हेच दोन चौकोन भरले त्याला तिसरं सुचणार कुठून? मी पट्टी घेतली, पेन्सिलने तिसरा चौकोन आखला, आणि लिहिलं, ‘मशीन चालू ठेवून त्यातील भाग काढणे’. आवक विभागाने अर्ज परत केला. शेरा: ‘नमुन्यात फेरफार. पट्टी कुठून घेतली?’

पट्टी खरंच स्टोअरची होती. म्हणून स्टोअरमध्ये गेलो. तिथले स्टोअरकीपर सदतीस वर्षांत एकही वस्तू पावतीशिवाय बाहेर सोडली नाही म्हणून प्रसिद्ध आहेत. त्यांनी पट्टी जमा करून घेतली, मग म्हणाले, ‘आणि तो प्रोसेसर? तोही जमा करा. इथे जमा, मग चौकशी विभागाच्या नावाने जारी. असा डायरेक्ट नाही जाणार.’

‘जमा करायला काही नाहीये हो.’

‘म्हणजे हरवला?’

‘हरवला नाही. तो दिसत नाही.’

‘दिसत नाही म्हणजेच हरवला.’

‘तो आहे, चालू आहे, काम करतोय. पण हातात घेता येत नाही.’

स्टोअरकीपरनी चष्मा काढला. ‘साहेब, असं माझ्याकडे एकच आहे, परमेश्वर. त्याचीही पावती नाही म्हणून मी त्याला नोंदीत धरलेला नाही.’

शेवटी असं ठरलं की काढताना ते स्वतः हजर राहतील आणि आपल्या डोळ्यांनी बघून ‘वस्तू निघाली’ असा शेरा देतील. दिसत नसलेली वस्तू निघताना कशी दिसणार, हा प्रश्न मी विचारला नाही. त्यांनीही नाही. ऑफिस अशा समजूतदारपणावरच चालतं. मॅडमनी तिसऱ्या चौकोनावर लाल शाईने सही केली आणि अर्ज मंजूर झाला.

पुढचं माझ्या वहीतून जसंच्या तसं उतरवतो.

बुधवार, अकरा वाजून दहा मिनिटं. यजमान मशीनवरून हुकूम दिला: वेळापत्रकाचा शून्य नंबरचा प्रोसेसर काढ. (पहिल्यापासून सुरुवात करावी म्हणून.) उत्तर: शून्य नंबर काढता येत नाही. तो सगळ्यांत आधी उठतो आणि बाकीच्यांना उठवतो.

अकरा पंधरा. पटलं. असा एक आमच्याही घरी आहे. ती काढायची कल्पनाही करवत नाही.

अकरा वीस. एक नंबर काढ. उत्तर: हा जन्मापासूनचा आहे. मागाहून दिलेलाच काढता येतो.

अकरा पंचवीस. चार नंबर काढ. उत्तर: विनंती पाठवली आहे.

अकरा पस्तीस. काही नाही.

अकरा पन्नास. काही नाही. पुन्हा हुकूम. उत्तर: विनंती पाठवली आहे.

साडेबारा. चौकशीच्या ताई दारात. ‘काढला का हो?’ मी: ‘विनंती पाठवली आहे.’ त्या: ‘तुम्ही पण आमच्यासारखंच बोलायला लागलात.’

चौकशीच्या ताई म्हणजे त्या विभागाच्या प्रमुख. नऊ फोन सांभाळतात. माझ्या बाजूने ऑफिसात त्या एकट्याच होत्या, तेही प्रोसेसर त्यांनाच मिळणार होता म्हणून. तरी बाजू ती बाजू.

‘हुकूम’ हा शब्द मी जपून वापरला होता. पण यजमानाचा हुकूम पाहुण्याच्या दारात पोचेपर्यंत विनंती होतो, हे मला त्या दिवशी कळलं. पाहुण्याने स्वतःहून त्या प्रोसेसरवरचं काम आवरायचं, तो मोकळा करायचा आणि मग आपल्या हाताने द्यायचा. बाहेरून हिसकावता येत नाही. हिसकावलं तर पाहुणा जागच्या जागी कोसळतो.

ही बातमी बायकोच्या मार्फत जिन्यात पोचली. वरच्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात, सगळे त्यांना हेडसर म्हणतात. त्यांनी मला पायरीवर गाठलं. ‘ऐकलं मी. विद्यार्थी वस्तू परत देत नाही, असंच ना? सगळ्या वर्गासमोर उभं करा.’

‘सर, ते मशीन आहे.’

‘मीही तीस वर्षं हेच समजत होतो. तरी उभं करायचो.’

तळमजल्यावर दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे. गुरुवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. दाढ दुखत होती हे कारण; खरं कारण, दुसरीकडे जायला तोंड नव्हतं. खुर्चीत एक पेशंट आ वासून बसला होता. त्याला तसंच ठेवून डॉक्टरांनी माझी सगळी कहाणी ऐकली.

‘यात नवीन काय?’ ते म्हणाले. ‘मी रोज हेच करतो. माणूस जागा, बोलतोचालतो, आणि त्याचा एक दात काढायचा. हिरडी बधिर केली तरी माणूस चालूच असतो ना? काय हो?’

‘आँ,’ पेशंट म्हणाला.

‘पण तोंड त्याने उघडायचं असतं. मी उघडत नाही. आता, पेशंट तोंड उघडत नसेल तर त्याची दोन कारणं. एक, त्याला ऐकूच आलेलं नाही.’

‘आणि दुसरं?’

‘तोंडात काहीतरी धरलेलं आहे. मागच्या महिन्यात एक बाई आल्या, काही केल्या तोंड उघडेनात. शेवटी कळलं, येताना लवंग धरली होती दाढेत, दुखू नये म्हणून. स्वतःच धरलेली, आणि स्वतःच विसरलेल्या.’

‘आँ आँ,’ पेशंट म्हणाला. त्याला पटलं होतं, की दुखत होतं, ते कळायला मार्ग नव्हता.

मी दाढ न दाखवताच उठलो आणि जिना चढता चढता मला एकदम

भाग चार

काढून घेतला आहे. गोष्ट चालू आहे.

आठवलं, की ऐकण्याचं काम करणारा एक प्रोग्राम त्या पाहुण्यात असतो, यजमानाचा निरोप घेणारा, आणि तो मीच बंद करून ठेवलेला आहे. दोन वर्षांपूर्वी. तो दर मिनिटाला ‘निरोप नाही, निरोप नाही’ असं नोंदवत बसायचा. मला टापटीप आवडते, म्हणून मी त्याचं तोंड बंद केलं. त्याबरोबर कानही बंद झाले हे ध्यानात आलं नाही. बुधवारपासून मी बहिऱ्याला विनंत्या पाठवत होतो.

(वाक्याच्या मधोमध बालपण आणि शिक्षण निघून गेलं. कुणाला धक्का बसला? नाही ना? चालू असताना काढणं म्हणतात ते हे. मेहुण्याची समजूत मी घालीन.)


भाग तीन

शुक्रवार. पाटीवर ९९९.

सकाळी आल्या आल्या मी ऐकणारा प्रोग्राम सुरू केला. सुरू केला, काही बंद केलं नाही, याची नोंद व्हावी. चार नंबरसाठी पुन्हा विनंती पाठवली. या वेळी दोन सेकंदांत उत्तर आलं. इतका आनंद झाला की उत्तर काय आहे ते दुसऱ्यांदा वाचेपर्यंत कळलं नाही.

‘देता येत नाही. प्रोसेसर कामात आहे.’

साडेबारा वाजता पुन्हा तेच. दोन वाजता तेच. सव्वातीनला मॅडम आल्या. त्यांच्यामागून चौकशीच्या ताई, पावतीपुस्तक घेऊन स्टोअरकीपर, आणि शेवटी टाय. टायने घड्याळ बघितलं. बघितल्याचं सगळ्यांना दिसेल असं बघितलं.

‘काय म्हणतंय?’ मॅडमनी विचारलं.

‘कामात आहे म्हणतंय.’

‘काय काम आहे एवढं?’

हा प्रश्न मी सकाळपासून विचारायला हवा होता. तीन दिवस मी मशीनशी भांडत होतो, पण तू काय करतोयस असं एकदाही विचारलं नव्हतं. बायको म्हणते तसा मी आहे तर.

मी यादी मागवली: चार नंबरवर नेमकं कोण काम करतंय? साधे प्रोग्राम मागे लागले की दुसऱ्या प्रोसेसरवर सरकतात, त्यांची अडचण नसते. अडतो तो, ज्याच्यासाठी त्याच प्रोसेसरवर वेळ राखून ठेवलेली असते. राखीव जागेवरच्या माणसाला उठवता येत नाही, हे बसच्या ऑफिसात कुणाला सांगायला नको.

यादी आली. एकच ओळ होती.

‘अखंड. वेळ राखीव. चालू: ९९९ दिवस.’

मी त्या ओळीकडे बघत राहिलो. तेव्हा नवा, रिकामा प्रोसेसर मिळाला होता म्हणून मीच मोजणी त्याच्यावर बसवली होती. मोजणीत एका क्षणाचाही खंड पडू नये म्हणून मीच तिच्यासाठी वेळ राखून ठेवली होती. मशीन अडलेलं नव्हतं. त्याच्या तोंडात मी धरून ठेवलेली लवंग होती.

‘सापडलं का?’ टायने मागून वाकून बघितलं. ‘अखंड? हा कसला प्रोग्राम?’

‘बाहेरच्या पाटीचा,’ चौकशीच्या ताई हळूच म्हणाल्या. त्यांना माहीत होतं. नवल वाटलं मला.

‘मग थांबवा की. पाटीचाच आहे.’

पाटीचाच आहे, खरं. पण ‘अखंड’ थांबला की त्याचा आकडा गेला. मी तो कुठेही लिहून ठेवलेला नव्हता, त्याच्या आठवणीतच होता. जे कधी थांबणारच नाही त्याची नोंद कशाला, असा माझा तेव्हाचा विचार. आजचा दिवस निघाला असता तर उद्या हजार. आणि उद्यापर्यंत वाट बघायची तर टाय सकाळी मशीनच बंद करणार.

‘परत चालू करताना हाताने नऊशे नव्व्याण्णव टाका,’ मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात खरी काळजी होती. ‘खोटं थोडंच आहे ते?’

खोटं नव्हतं. पण मोजलेला आकडा वेगळा आणि टाकलेला वेगळा. स्टोअरकीपरनी मान हलवली. त्यांना पटलं, त्यांनी सदतीस वर्षांत आकडा कधी टाकलेला नव्हता.

तीन बावन्नला मी ‘अखंड’ थांबवला.

आवाज काही झाला नाही. मला होईल असं उगाच वाटलं होतं.

तीन त्रेपन्नला विनंती पाठवली. ‘चार नंबर मोकळा करतो आहे.’ मग: ‘मोकळा केला.’ मग: ‘दिला.’ एकापाठोपाठ तीन उत्तरं, आणि वेळापत्रकाचं मशीन आपलं चालूच. भिंतीवरच्या पडद्यावर थांब्यांवर दिसणाऱ्या गाड्यांच्या वेळा तशाच सरकत होत्या. रस्त्यात उभ्या असलेल्या एकाही माणसाला कळलं नसेल की आत्ता एक मेंदू कमी झाला. तीन पंचावन्नला तो मी चौकशीच्या मशीनला देऊन टाकला. देताना, म्हटलं ना, कुणी कुरकुर करत नाही.

‘वस्तू निघाली,’ स्टोअरकीपर म्हणाले आणि त्यांनी पावती फाडली. कुठे बघून म्हणाले ते परमेश्वराला ठाऊक, ज्याची त्यांच्याकडे नोंद नाही.

‘बंद न करता,’ चौकशीच्या ताई म्हणाल्या. मोठ्याने. टायकडे बघून.

टाय माझ्या स्क्रीनजवळ आला. त्याने स्वतः मशीनला विचारून बघितलं की तू कधीपासून चालू आहेस. उत्तर वाचलं. मग टायची गाठ थोडी सैल केली. ‘मी हे चालू मशीनवर कधी केलेलं नाही,’ तो म्हणाला. माणूस वाईट नव्हता. ‘मला लिहून द्याल, कसं केलंत ते?’

लिहून देईन म्हणालो. बावीस वर्षांत मला कुणी काही लिहून मागितलं नव्हतं.

मान ताठ ठेवून मी कॉरिडॉरमध्ये आलो. पाटीवर ०००.

पाटीपुढे आस्थापनातला तोच कारकून उभा होता. ‘हे बघ,’ तो शेजारच्याला सांगत होता, ‘शेवटी बंद करून चालू केलंच.’

मी थांबून सांगू शकलो असतो. आत चार साक्षीदार होते, एक पावती होती, लाल सहीचा अर्ज होता. पण कॉरिडॉरमध्ये उभं राहून प्रोसेसर, राखीव वेळ आणि लवंग समजावणं माझ्या प्रतिष्ठेला शोभेना. मी घरी आलो. बायकोला म्हणालो, ‘झालं काम.’ ती म्हणाली, ‘हात धुवा.’

शनिवारी अर्धा दिवस ऑफिस. मी गेलो तेव्हा पाटीवर तेच ०००. ‘अखंड’ मी परत सुरू केला नव्हता. हजाराव्या दिवशी सगळ्यांना चहा पाजायचा असं मी मनात कधीपासून योजलं होतं. आता चहा कशाचा? टेबलावर अर्जांचा नवा गठ्ठा आला होता. छापील. दोन चौकोनांच्या खाली तिसरा: ‘मशीन चालू ठेवून त्यातील भाग काढणे’. मॅडमनी रातोरात नमुना बदलून घेतला होता. तो कागद मी बराच वेळ बघत बसलो, मग लक्षात आलं की चष्मा घरी राहिलाय आणि मी तो अंदाजानेच वाचतोय.

साडेदहाला बायको चष्मा घेऊन आली. पावणेतीन वर्षांत ती पहिल्यांदाच कॉरिडॉरमध्ये येत होती. मी आतून बघितलं तर ती पाटीपुढे थांबलेली. कारकूनही तिथेच होता. त्याला हल्ली त्या पाटीचं फार होतं.

‘आज हजार ना?’ बायकोने त्याला विचारलं.

‘कुठले हजार, काकू? शून्य आहे. काल बंद केलं मशीन.’

‘बंद कुठे केलं? त्यांनी काल फक्त चार नंबर काढला.’ चार नंबर! हिला मी हे एका शब्दाने सांगितलं नव्हतं. जिन्यात डॉक्टर भेटले असणार. ‘आज हजारच आहेत. घरी कॅलेंडरवर मी रोज लिहितेय, पेन्सिलने. आज सकाळी हजार लिहून आलेय.’

‘पण पाटीवर तर…’

‘पाटीला घरं किती आहेत?’

‘तीन.’

‘मग तीन घरांत हजार लिहून दाखव बरं.’

कारकुनाने पाटीकडे बघितलं. बोटाने हवेत एक काढला, मग तीन शून्यं. एकाला जागा उरली नाही. त्याने बोट खाली घेतलं. मग त्याने तीन शून्यांकडे असं बघितलं की मी इतकी वर्षं त्या पाटीकडे कुणी असं बघण्याची वाट बघत होतो.

मी दारात आलो. ‘अगं, तूच ना म्हणाली होतीस, घरात आकडा काढायचा नाही?’

‘काढायचा नाही म्हणाले होते. लिहायचा नाही असं कुठे म्हणाले?’ तिने चष्मा माझ्या हातात दिला. ‘तुमचा आठवणीतच राहिला असता. कुणीतरी लिहून ठेवायला नको?’

मी चष्मा लावला. तीन शून्यं आता स्वच्छ दिसत होती.

कारकून घसा खाकरून म्हणाला, ‘साहेब, मग आज चहा?’

या वेळी ‘साहेब’मागे काही ऐकू आलं नाही. मी कॉरिडॉरभर ऐकू जाईल अशा आवाजात चहा सांगितला. त्या पाटीला मी अजून हात लावलेला नाही.